गोड वास

फेब्रुवारीत ग्युमरीतल्या सगळ्याच गाड्या
पांढरा श्वास सोडतात, त्यात विशेष नाही.
वार्दुशबाईंच्या निवाचा मात्र विरेचना.

बाबा सवयीनं सायलेन्सरपाशी वाकले,
मग नाक मागं घेतलं.
त्या तापाला दोन वर्षं झाली;
पेट्रोल, कांदा, आईची शाल,
त्यांना सगळं पाणीच.

“सांग.”
मी हुंगलं. सडक्या अंड्यांचा नाही,
जळक्या तेलाचाही नाही.
“गोड आहे. जर्दाळूचा पाक
बुडाला लागायच्या जरा आधी.”

“गोड म्हणजे बरंच की,” बाई म्हणाल्या.
बाबा काही बोलले नाहीत.
इंजिन निवेपर्यंत चहा झाला, मग टोपण उघडलं:
कूलंट वीतभर खाली, जमिनीवर थेंब नाही.
गाडी आतल्या आत पीत होती.

हेड उतरवलं. गॅस्केटला
करंगळीच्या नखाएवढी जळकी फट.
नवं बसवलं, बोल्ट मधून कडेकडे आवळले,
तीन फेऱ्यांत, घाई न करता.

चौथ्या दिवशी चावी फिरवली.
“आता?”
“आता काहीच वास नाही.”
बाबा चिंधीनं हात पुसत राहिले.
“एवढं तर,” म्हणाले, “मीही सांगितलं असतं.”