आयतं

जकात भरून खोकं सोडवलं.
आत, फुगेरी प्लॅस्टिकमध्ये,
काळं कुळकुळीत, बिननावाचं
शियामेनहून आलेलं हाडूक.

आमच्याकडे बापाला आइता म्हणतात;
आमच्या आइताला आयतं काही खपत नाही.
चाळीस वर्षं एइबारच्या कारखान्यात
पितळ वितळवून पोलादी नळ्या सांधल्या त्यानं.
फ्रेम एका बोटावर तोलली. "कोळशाचं कापड!"
मग नाणं काढून नळीभर टिचक्या मारत गेला,
मडकं घेताना लावावा तसा कान लावून.
"भाजलंय नीट."

बेअरिंगं बसली. मागच्या ब्रेकची नळी
फ्रेमच्या पोटातून ओवताना
सबंध रविवार गेला, आणि माहीत होत्या तेवढ्या शिव्या.
शॉकमध्ये माझ्या वजनाची हवा भरली.
सगळं जुळलं, तेव्हा कळलं:
मागच्या सांध्याचा एक बोल्ट खोक्यात नव्हताच.

आइता काही बोलला नाही.
तळघरात लेथ फिरत राहिलं साडेअकरापर्यंत.
सकाळी ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी,
पोलादी, जड, आटे लखलखीत.

अरातेच्या उतारावर बीचची ओली पानं,
आडवी मुळं, एकामागून एक,
आणि मागचं चाक जमिनीचं सगळं म्हणणं
ऐकून घेत, खाली-वर, खाली-वर,
माझ्या पाठीपर्यंत काहीच पोचू देईना.
फक्त एक करकर. बारीक. डावीकडून.

गुडघा फुटलेला, कानात चिखल, अशी दारात आले.
"ओयाना, कुठला सांधा बोलला?"
कुठलाच नाही, मी म्हटलं.
त्यानं गुडघ्याकडे पाहिलं,
मग ग्रीसचा डबा उघडला.