दोन वार

विमान बदलायला साडेपाच तास होते.
त्यातला एक शिक्क्याच्या रांगेत गेला,
अर्धा, बॅग कुणाच्या भरवशावर ठेवायची या वादात.
बाहेर झिग्बोदी उभी.
फुलं नाहीत, नावाची पाटी नाही,
हातात गॅसची रिकामी टाकी.
'वोएझो,' म्हणाली. म्हणजे चालत आलीस.
इथे स्वागत असंच करतात,
माणूस आभाळातून उतरलेलं असलं तरी.

मला वाटलं होतं, समुद्र दाखवेल.
'आज मंगळवार आहे,' ती म्हणाली,
'समुद्र कुठे पळत नाही. गॅसवाला पळतो.'

तर लोमे मी पाहिलं ते स्कूटरच्या मागच्या सीटवरून,
टाकी दोघींच्या मध्ये,
थंड, गुडघ्यांना टोचणारी.
रस्त्यात लाल वाळू. टेबलांवर काचेच्या बाटल्या, आत काहीतरी सोनेरी.
'किती मध विकतात गं तुमच्याकडे!'
'पेट्रोल आहे ते,' म्हणाली, आणि इतकी हसली
की आम्ही एका बकरीच्या अंगावर जाता जाता राहिलो.
मग एका फाटकाकडे हनुवटीनेच दाखवलं,
'तिथून पुढे घाना. मावशीचं घर तिकडे,
तिची भांडणं सगळी इकडे.'

अकरा वर्षांपूर्वी लीलमध्ये आमची शेगडी एक होती.
तिची फ्रेंच सरळ चालायची, माझी लंगडत,
आणि रविवारी फोनवर तिचा भाऊ कोजो
मागून ओरडायचा, 'त्या इंडियनला सांग, मीठ कमी घाल!'
त्याने माझ्या हातचं कधी खाल्लं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिचा निरोप आला, कोजो गेला.
मी उत्तर लिहिलं. खोडलं. लिहिलं.
शब्द फ्रेंचमध्ये खोटे वाटत होते,
मराठी तिला येत नव्हती.
मग घर बदललं, मग फोन बदलला,
मग इतका उशीर झाला
की आधी उशिराबद्दलच लिहावं लागलं असतं.

आता मी एक वाक्य घोकून आणलं होतं.
आकुमेचा गोळा मोडताना सांगू म्हटलं,
पण पाल्याच्या रश्शाला भेंडीसारखी तार सुटत होती,
बोटापासून हनुवटीपर्यंत,
आणि अशा तोंडाने क्षमा मागता येत नाही.

शेवटचं काम शिंप्याकडे.
मेसान, तोंडात टाचण्या, पायाखाली चिंध्यांचा ढीग.
झिग्बोदीने पिशवीतून कापड काढलं,
निळ्यावर पिवळे पक्षी.
'कोजोच्या वेळी घरातल्या सगळ्यांनी हेच घातलं,' ती म्हणाली.
'वाटण्या केल्या तेव्हा दोन वार तुझे बाजूला ठेवले.
हात वर कर. तो माप घेतोय.'

मी हात वर केले.
पंखा फिरत होता. फीत पाठीवरून गेली,
दंडाभोवती, कमरेभोवती.
मेसान आकडे मोठ्याने सांगायचा
आणि त्याचा पोरगा वहीत लिहायचा.
वाक्य माझ्या घशात होतं, अख्खं, व्याकरणासकट.
'श्वास सोडा,' मेसान म्हणाला,
'नाहीतर घट्ट होईल.'

माझं नाव पोराला लिहिता येईना.
'कोणत्या वारी जन्मलात?'
गुरुवारी, मी म्हटलं. आई सांगायची,
गुरुवार होता आणि दवाखान्यात वीज नव्हती.
'मग सोपं आहे,' तो म्हणाला,
आणि मापांवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, यावा.
गुरुवारच्या मुलीचं इथलं नाव.
झिग्बोदीला मी सांगितलं नाही
आमच्या भाषेत त्याचा काय अर्थ होतो.

कपडा शनिवारी मिळेल.
शनिवारी मी न्यूअर्कच्या कुठल्याशा थंड खोलीत असेन.
तिला ठाऊक होतं, तरी घासाघीस केली, आगाऊ पैसेही दिले.

विमानतळावर तिने स्कूटर बंद केली नाही.
टाकी आता भरलेली, जड, माझ्या जागी बसलेली.
मी वाक्याला सुरुवात केली.
'मीठ अजून जास्तच घालतेस का?' तिने विचारलं.
हो म्हटलं.
'मिआ दोगो,' ती म्हणाली, भेटूच,
आणि वाळूत वळण घेऊन गेली.

दाराशी पोलीस वेळ दाखवत होता.
माझ्या दंडावर
खडूची एक बारीक रेघ राहिली होती.