होडीतला जाळ

एप्रिल, दुपारचे दोन. सेटलमेंटच्या गल्लीत
कुत्रंही गटारीच्या कडेला सावली मोजत पडलेलं.
तायम्मा जाधव ओट्यावर डालगं विणतेय,
निरगुडीची ओली फोक पायाच्या अंगठ्यात धरून,
आणि मी कॉलेजचा सर्व्हे घेऊन समोर:
नाव, वय, मातृभाषा.

वय माहीत नाही.
"तार हुती तवा जल्मले."
तार म्हणजे काटेरी कुंपण. आत माणसं,
फाटकाशी हजेरी, दिवसातून तीन वेळा.
तिला पोटात घेऊन आई रांगेत उभी.
"म्हंजे माझीबी हजेरी लागली की!"
हसते, आणि तंबाखू थुंकायला वळते.

मग, कशाला कोण जाणे, मी तिला सांगत बसलो
यागानांचं. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला
जमीन फुटून बेटं बेटं होते,
तिथली होडीत संसार करणारी माणसं.
होडी झाडाच्या सालीची, मधोमध जाळ.
वल्हं बाईच्या हातात,
आणि बर्फगार पाण्यात बुडी मारून
शिंपले काढणारीही बाईच.

"होडीत जाळ? आन् होडी पेटत न्हाई?"
खाली मातीची ढेकळं अंथरत, आजी.
तिनं जरा विचार केला.
"बाया शहाण्या हुत्या."

लव्हाळ्याच्या टोपल्याही विणायच्या, म्हटलं.
"पयला येढा कसा घ्यायच्या?"
मला माहीत नव्हतं.
एका पाद्र्यानं त्यांचे बत्तीस हजार शब्द
वहीत उतरवून ठेवले, एवढं माहीत होतं.

मूल जिथं जन्मेल त्या जागेचं नाव मुलाला.
"मग मी तारव्वा," ती लगेच म्हणाली,
"आन् थोरला माझा, कुर्डुवाडी टेसन."
मेलेल्याचं नाव मात्र तोंडातून काढायचं नाही.
यावर ती काही बोलली नाही. हात चालू.
पलीकडे कुणीतरी शेंगा कुटत होतं.

शेवटी ती भाषा बोलणारी एकच म्हातारी उरली,
आता तीही नाही.
तायम्मानं डालगं मांडीवरून खाली ठेवलं.
"मग ती भांडायची कुणासंगं?"

मी वाचलं होतं त्यात कुठंच हा प्रश्न नव्हता.

"माझी नणंद गेली औंदा. तवापास्नं
एक शिवी नीट देता आली न्हाई मला.
मराठीत देते. पर ती लागत न्हाई कुणाला."

उंबऱ्यात नातू, यल्लेश, मोबाइलमध्ये मान खुपसून.
तिनं खांद्यावरून मागं एक वाक्य फेकलं,
ना मराठी, ना कानडी, ना तेलुगू,
कोंबडी हाकलावी तेवढंच.
त्यानं मान वर न करता
पायानं कोयता तिच्याकडे सरकवला.

"बोलतो का हा कैकाडी?"
"बोलत न्हाई. कोयता देतो."

पुढचा रकाना: घरात ही भाषा बोलणारे किती?
पेन्सिल तिथंच थांबली. घामाचा एक थेंब
कागदावर पडला, मी तो पुसला नाही.

"डालगं घिऊन जा. दीडशे."
मी कोंबड्या पाळत नाही. घेतलं.
स्कूटरवर सात रस्त्यापर्यंत ते मांडीत धरून आणलं,
लोक बघत होते.

आता गॅलरीत पालथं असतं.
खाली काही नाही, ठाऊक आहे.
तरी झाडताना
मी ते एका बाजूनं, हळूच उचलतो.