चपटी पेनी

व्हिटबीला निघायच्या आदल्या रात्री
दोघांना दोन डब्या दिल्या, हिंगाच्या,
घासून धुतल्या तरी वास राहिलाच.
प्रत्येकीत बारा पौंड, सुट्टी नाणी, चार दिवसांसाठी.
"संपले की संपले," मी म्हणाले,
"उसनं मागायचं नाही, बाबांकडेसुद्धा."
'बाबांकडेसुद्धा' जरा मोठ्यानं म्हणाले,
बाबा शेजारच्या खोलीत होते.

श्रीरंगनं पहिल्याच संध्याकाळी पाच पौंड
धक्क्यावरच्या मशीनला चारले,
जिथं नाण्यांचा ढीग कड्यावर येऊन
आता पडतो, आता पडतो म्हणत थांबतो.
पडला एक प्लास्टिकचा खेकडा, एक नांगी कमी.
मी काही बोलले नाही.
माझं न बोलणं घरात सगळ्यांना ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी मठाच्या पायऱ्या उतरून आलो
तर दुकानाच्या दारात एक यंत्र:
एक पौंड घालायचा, वर एक पेनी,
दांडा फिरवायचा,
पेनी बाहेर येते भोपळ्याच्या बीसारखी लांबट,
राणी ताणली जाऊन कुठल्या कुठे,
तिच्या जागी मठाची मोडकी कमान.
"म्हणजे पैसे देऊन पैसा मोडायचा?"
"मोडला नाही गं," तो म्हणाला,
"आता तो कधीच खर्च होणार नाही."
अकाउंट्समधल्या माझ्या सोळा वर्षांत
असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

ऋजुता मात्र फक्त बघायची.
गल्लीतल्या त्या दुकानात एका परडीत
दगडात गुंडाळी होऊन बसलेले समुद्रातले जीव,
एकेक सहा पौंडांना.
ती एक उचलायची, किमतीची चिठ्ठी वाचायची
आणि होता तसाच, चिठ्ठी पुढे करून ठेवायची.
रोज. तोच.
दुकानातली बाई तिला नावानं हाक मारू लागली.

चौथ्या दिवशी स्टेशनवर तिनं डबी पुढे केली.
"पूर्ण आहेत. मोजून घे."

सातवीत आमची सहल महाबळेश्वरला गेली होती.
वीस रुपये घेऊन गेले, वीस परत आणले.
पाहुण्यांसमोर अण्णा म्हणाले, पोरगी शहाणी आहे.
एका काठीवर विक्रेता तापल्या तारेनं नाव कोरून देत होता,
सगळ्या मुली रांगेत.
त्या काठीची मूठ मी आजही काढून दाखवीन.

शहाणी गं माझी, असं अगदी तोंडात आलं.
थर्मासमधल्या गार चहाबरोबर गिळलं.
"चल," म्हणाले.
गाडीला चौदा मिनिटं होती,
बॅगा, पर्स, बाप आणि भाऊ बाकावर सोडून
आम्ही दोघी धावलो.

पूल उघडलेला.
मधोमध फिरून बाजूला झालेला,
आणि एक निवांत बोट, तिच्यावर एक निवांत कुत्रा,
सरकत समुद्राकडे.
"गाडी चुकेल, आई."
"चुकू दे."
पुढची अडीच तासांनी होती, हे दोघींनाही माहीत होतं.

दुकानात ती परडीसमोर कितीतरी वेळ उभी.
मी दाराशी, मोठ्या मनाची.
मग हळूच आली,
"नाही घेतला तर रागावशील?
मला तो तिथंच आवडतो."

काय बोलणार.
परडीपाशी गेले. तोच उचलला.
बोट आपोआप त्याच्या गुंडाळीतून आत आत फिरलं.
गार होता, आणि वाटला त्याहून जड.
"मला हवाय," मी म्हणाले,
आणि खिसे चाचपले. पर्स तर बाकावर.

ऋजुतानं डबी उघडली.
काउंटरवर सहा नाणी एकाखाली एक मांडली,
हिंगाचा वास दुकानभर.
बाईनं नाक जरा उडवलं, पैसे घेतले.
"उसने," ऋजुता म्हणाली,
वहीत तारीख घालून लिहिलं,
आणि सही कर म्हणून
पेन माझ्या हातात दिलं.