सातवी रेषा

केळीचा ट्रक चढला की तापीवरचा पूल
थोडा वाकतो, पुन्हा सरळ होतो.
वाकणं हा आजार नाही.

तिसऱ्या खांबाजवळ, तुळईच्या पोटाला
मी अकरा सेन्सर चिकटवलेत.
सातव्याची वायर उंदरांनी कुरतडली होती,
तिला युनूस तडवीनं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

स्क्रीनवर सगळंच येतं:
डंपर, लांबची मालगाडी, वाळूवाल्यांचा पंप,
सावद्याकडच्या कुठल्याशा हळदीतला डीजे.
एकेक वजा करत जाते.
उरते ती पुलाची स्वतःची थरथर,
जानेवारीत सेकंदाला साडेतीन.
आता जराशी कमी.

पण हा मे आहे. सेहेचाळीस अंशांत
काँक्रीटही सैल पडतं, माणूसही.
उन्हानं कमी झाली की भेगेनं,
आकड्यावर लिहिलेलं नसतं.

"काय आयकू ऱ्हायली व ताई? पूल बोलतो का काही?"
"बोलतो रे. पण सगळे मधे बोलतात."

पहाटे साडेतीन. डीजे गप्प.
नदीवरून गार झुळूक,
आणि नऊ मिनिटं एकही चाक नाही.
दहा रेषा हळूहळू जुन्या जागी परतल्या.
सातवी नाही.

वायरच असेल, म्हटलं.
युनूसनं न बोलता नवी वायर ओढली,
बॅटरी तोंडात धरून.
सातवी तिथंच.

साहेबांचा फोन वाजतोय, उचलत नाहीत.
पाचला चिनावलचे ट्रक सुटतील.
युनूस डांबराचे दोन रिकामे ड्रम
रस्त्यात आडवे लावायला गडगडत आणतोय,
आणि अकराही रेषा
त्या आवाजानं भरून गेल्यात.