बाहेरचा दिवा

नंदगडच्या भर्मा वायरमननं
भिंतीला ड्रिल लावलं.
चिऱ्याची तांबडी भुकटी
माझ्या चहात.

"भोक तिरकं पाडायचं, अक्का,
बाहेरच्या अंगाला उतरतं.
म्हणजे पाणी आत वळत नाही."
पलीकडून त्याचा पोरगा ओरडला, "बंतु, बंतु!"
वायरचं टोक त्याच्या चिमटीत.

फ्यूज काढून भर्मानं खिशात टाकला,
वायरला खाली एक झोळ दिला,
थेंब तिथूनच गळावा म्हणून,
आणि भोकाची कड
बोटानं लिंपली.

रात्री बटण दाबलं.
उजेड माझ्या पायरीवर थोडा,
गल्लीपलीकडं गुरुसिद्धव्वाच्या
धुण्याच्या दगडावरच जास्त.
ती तिथं शेंगा फोडत बसलेली.

म्हटलं, उद्या वळवून घेते दिवा.
मान वर न करता म्हणाली,
"इरली."

राहिला.