मागचं इंजिन

कालाकुंडहून गाडी घाट चढू लागली की
सगळे पुढच्या इंजिनाकडे बघायचे.
आप्पा मागच्यावर.

चाळीस फुटांमागे एक फूट चढ,
उजव्या अंगाला खाली चोरल नदी,
आणि नाकासमोर शेवटच्या डब्याची पाठ,
लाल, काजळी धरलेली, मधोमध पिवळी फुली.
एकतीस वर्षांच्या नोकरीत
विंध्याचल म्हणून त्यांनी पाहिला तो एवढाच.

पातालपाणीला हुक सुटायचा.
गाडी महूकडे, तिथून इंदूरकडे
निरोपसुद्धा न घेता निघून जायची,
आणि आप्पा उलटे, एकटेच, उतरत यायचे
पुढच्या गाडीला खांदा द्यायला.

शाळेत आम्ही पाठ केलं होतं :
होळकर दरबाराचं कर्ज, एक कोटी,
व्याज साडेचार टक्के,
मुदत वर्षे एकशे एक.
दोन मार्क मिळायचे.
नाहरसिंग डावर, गँगमन, याला हे ठाऊक नव्हतं.
तो दुसऱ्या बोगद्याच्या तोंडाशी
वहाणा काढून हातात घ्यायचा,
पलीकडे गेला की पुन्हा घालायचा.
मी एकदा विचारलं.
म्हणाला, "पणजा आत राहिला. घर छे."

आप्पा गेले त्या दिवशी
पुढे धरायला जावई, पुतणे, पुष्कळ होते.
इलियास फायरमन आला, सत्तरीचा, दम्याचा,
कुणी म्हणालं, चाचा, तुम्ही राहू द्या.
त्यानं ऐकलं नाही. मागच्या बाजूला जाऊन
शांतपणे खांदा लावला.
वाटेत थोडा चढ होता.

आता मोठी लाइन दुसरीकडून येतेय,
डोंगराला लांब वळसा घालून.
जुन्या रुळांवर सहलीची गाडी चालते,
मोठ्या काचा, धबधब्यापाशी थांबा,
खाली उतरलं की पळसाच्या पानात कलाकंद.
परवा नचिकेतला घेऊन गेलो.
त्याला माकडं आवडली. बोगद्यात ओरडायला आवडलं.
मी दुसऱ्या बोगद्यात
पायातले बूट काढावेत का, असा विचार करत होतो,
तेवढ्यात उजेड आला.

कालाकुंडच्या फलाटावर तो
शेवटच्या डब्यामागे जाऊन उभा राहिला.
आजोबा, ही फुली कशाला?

म्हटलं, गाडी इथे संपली, याची खूण.
स्टेशनमास्तरला कळतं, सगळे डबे आले,
याच्यामागे आता काही नाही.

त्याला पटलं. तो कलाकंद खाऊ लागला.
मी तिथेच उभा राहिलो जरा वेळ,
फुलीकडे तोंड करून,
जिथे बफरला बफर लागायचा.
उन्हानं पत्रा तापला होता.
हात लावला, आणि
कुणी बघत नाही असं पाहून
किंचित ढकललं.